मोड नाही म्हणून छापलेला पैसा

रुपया मोडला की जे हाती येतं, ती मोड. किती नेमका शब्द आहे पाहा! जुनी माणसं खुर्दा म्हणायची, मुंबईकर चिल्लर म्हणतो आणि एसटीचा कंडक्टर 'सुटे द्या, सुटे' म्हणून ओरडतो. मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली निम्मी रोखपालाच्या पिंजऱ्यात गेली. 'पैसे नाहीत' ही तक्रार घेऊन माझ्या खिडकीशी फार कमी लोक आले, कारण ज्याच्याकडे पैसे नसतात तो बँकेत येतोच कशाला? पण 'सुटे नाहीत' ही तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी उभं असायचं. किराणावाला, दूधवाला, पिठाच्या गिरणीवाला. आणि उलट बाजूने देवस्थानाचा माणूस थैलीभर चिल्लर घेऊन यायचा, तेव्हा मला तो देवदूतच वाटायचा.

आता मोबाइल फिरवला की दहा रुपयांच्या चहाचेही पैसे जातात. त्यामुळे तरुण मंडळींना कदाचित खरं वाटणार नाही, पण निव्वळ सुट्या नाण्यांअभावी गावंच्या गावं अडून बसल्याची उदाहरणं इतिहासात आहेत आणि अशा वेळी गावांनी काय केलं ती हकिगत मोठी मनोरंजक आहे.

आधी थोडं हिशेबाचं. एखाद्याकडे शंभराची नोट आहे आणि समोरच्याकडे पाच रुपयांचा पाव आहे. एकाला भूक लागली आहे, दुसऱ्याला पाव विकायचा आहे. माल आहे, पैसा आहे, इच्छाही आहे. तरीही व्यवहार होत नाही, कारण मधले पंच्याण्णव रुपये नाहीत. पहिल्या दिवशी उधारी चालते. दुसऱ्या दिवशी दुकानदार ओळखीच्यांनाच उधार देतो. तिसऱ्या दिवशी पाव शिळा होतो आणि माणूस उपाशी राहतो. ही अडचण श्रीमंताला फारशी जाणवत नाही. ज्याचा सगळा संसारच सुट्यांत चालतो, त्याची मात्र तारांबळ उडते.

नाणी नाहीशी का होतात? कारणं मुख्यतः दोन. एक म्हणजे नाण्यातली धातू नाण्यावरच्या आकड्यापेक्षा महाग होते. मग लोक ते खर्च करण्याऐवजी वितळवतात. दुसरं कारण भीतीचं. युद्धाची नुसती आवई उठली तरी माणूस कागद पुढे करतो आणि धातू मागे ठेवतो. हे वागणं देशद्रोहाचं नसतं, शहाणपणाचंच असतं. पण प्रत्येकाने असं शहाणपण केलं की बाजारात खुर्दा उरत नाही.

मग सुरू होतात पर्याय. आपल्याकडचा लाडका पर्याय म्हणजे गोळी. 'रुपया सुटा नाही, चॉकलेट घ्या,' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पण तीच गोळी दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदाराला देऊन पाहा. तो हसेल. याउलट त्याने जर चिठ्ठी दिली, 'एक रुपया येणे' असं लिहून खाली सही केली, तर दुसऱ्या दिवशी ती त्याला घ्यावी लागते. गोळीचा प्रवास एकाच दिशेने होतो, चिठ्ठी फिरून घरी येते. आजच्या सगळ्या गोष्टीचं मर्म या फरकात आहे, म्हणून तो जरा ध्यानात ठेवा.

आसाममधलं एक उदाहरण तसं अलीकडचं आहे. २००७ साली तिकडे सुट्या नाण्यांचा असा दुष्काळ पडला की काही चहामळ्यांनी आपल्या मजुरांना पुठ्ठ्याच्या चकत्या द्यायला सुरुवात केली. आकार नाण्याएवढा, वर किंमत लिहिलेली. मळ्याच्या हद्दीतल्या दुकानात त्या चालायच्या, हद्दीबाहेर मात्र त्यांची किंमत पुठ्ठ्याएवढीच. नाणी गेली कुठे, तर भारतीय नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात जाऊन तिथे त्यांची दाढीची पाती बनतात, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे आपल्या पहिल्या कारणाचं हे अगदी चकचकीत उदाहरण.

पण ही काही त्या वर्षाची नवलाई नव्हती. आपल्याकडे दोन्ही महायुद्धांत हे घडून गेलं होतं. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली आणि दुर्मिळ झाली की चांदीचे रुपये पाडणं सरकारला जड जाऊ लागलं. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी हिंदुस्थानात पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि तिच्यापाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे 'दोन रुपये आठ आणे' अशी विचित्र नोट आली. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यातही त्याच सुमाराची, १९१७ ही तारीख असलेली चार तांगा आणि आठ तांगा किमतीची नोट आढळते. सोळा तांगांचा एक रुपिया, म्हणजे आपल्याकडच्या चार आण्यांची आणि आठ आण्यांची ती गोव्यातली बहीण. चार आण्यांची नोट छापावी लागते यावरूनच खुर्द्याची काय दशा झाली असेल ते ओळखा.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच, आणि अधिक जोराने. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवला. ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा काढली. रुपयातली चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणली. १९४१ च्या मार्चअखेर आपल्या आज्यांनी गाठोड्यात जपून ठेवलेला राणीछाप रुपया चलनातून बाद केला. अर्थात, बाद केला म्हणून तो गाठोड्यातून बाहेर आला असं समजू नका. उलट तो आणखी खोल गेला.

तांब्याचंही तसंच झालं. काडतुसांना तांबं हवं, मग पैशाला कुठून आणणार? १९४३ साली सरकारने पैशाच्या मधलं तांबंच काढून घेतलं आणि भोकाचा पैसा आला. जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा. आमच्या लहानपणी हे भोकाचे पैसे दोऱ्यात ओवून ठेवलेले कुठे कुठे दिसायचे. 'सरकारने पैशाला भोक पाडलं' हा विनोद त्या पिढीतल्या लोकांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो कोणी पहिल्यांदा केला हे शोधणं अशक्य आहे.

या धामधुमीत काठियावाडातल्या संस्थानांनी स्वतःपुरती वाट काढली. आजच्या गुजरातेतल्या त्या एवढ्याशा द्वीपकल्पात तेव्हा दोनशेहून अधिक संस्थानं होती, काही तर चार-दोन गावांची. जुनागढ, मोरवी, नवानगर, गोंडल अशा कित्येक दरबारांनी जाड कागदाचे छोटे तुकडे छापले. 'कॅश कूपन' हे त्यांचं नाव. किंमत किती, तर एक पैसा, दोन पैसे, आणा. तिकडे राजस्थानात बिकानेरनेही अशी कुपनं काढली. कित्येक कुपनं इतकी लहान आहेत की संग्राहक ती पोस्टाच्या तिकिटांच्या अल्बममध्ये ठेवतात. माझ्याकडेही दोन आहेत. त्यातलं एक इतकं मळलं आहे की त्यावरचा मजकूर भिंगाखालीही नीट लागत नाही. मला ते दुसऱ्या कोऱ्या कुपनापेक्षा जास्त आवडतं. मळलं आहे याचा अर्थ ते हातोहात फिरलं. भाजीवालीने घेतलं, टांगेवाल्याने घेतलं. दरबारच्या तिजोरीत ते परत घेतील, या भरवशावर एका पैशाचं काम त्याने चोख केलं.

आता हाच खेळ जिथे सर्वांत लांबवर गेला, आणि शेवटी हाताबाहेरही गेला, त्या देशाकडे वळू. तो देश म्हणजे जर्मनी. तिथे या पैशाला नावच होतं 'नोटगेल्ड'. यातला 'नोट' म्हणजे आपली कागदी नोट नव्हे बरं का. जर्मन भाषेत नोट म्हणजे अडचण, निकड. गेल्ड म्हणजे पैसा. थोडक्यात, अडचणीतला पैसा.

१९१४ च्या जुलैअखेर युद्धाचे ढग आले आणि जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. लोकांनी सोनं तर दडवलंच, पण त्यासोबत चांदीचे मार्कही दडवले. शंभर फेनिगचा एक मार्क. मजुरीचे, भाजीचे, पावाचे सगळे व्यवहार या चांदीच्या आणि निकेलच्या नाण्यांत चालायचे. ऑगस्ट उजाडला तसा शनिवारी मजुरांना पगार काय द्यायचा, हा प्रश्न कारखानदारांपुढे उभा राहिला. मग ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी, बचत बँकांनी, गिरण्यांनी आणि खाणमालकांनी आपापल्या चिठ्ठ्या काढल्या. काही छापील, तर काही चक्क टंकलेखन यंत्रावर उतरवलेल्या, खाली शिक्का मारून कात्रीने कापलेल्या. शेकडो ठिकाणी हे घडलं. सरकारने लवकरच एक आणि दोन मार्कांच्या कर्जकोषाच्या नोटा काढल्या, तशी ही पहिली लाट ओसरली. बहुतेक गावांनी आपल्या चिठ्ठ्या परत घेतल्या आणि त्यांचे पैसे चुकते केले.

दुसरी लाट आली १९१६ नंतर. या वेळी कारण धातूचं होतं. निकेल आणि तांबं दारूगोळ्याकडे वळलं. सरकारने लोखंडाची पाच आणि दहा फेनिगची नाणी पाडली, मग जस्ताची, एक फेनिग तर ॲल्युमिनियमचा. तरी पुरेनात. शेवटी गावागावाने पुन्हा छापखाना गाठला. दहा, पंचवीस आणि पन्नास फेनिगच्या नोटा निघाल्या. आपल्या जुन्या चार आण्या-आठ आण्यांच्या जातीच्या.

या नोटांचं कामकाज कसं चाले ते मला बँकवाला म्हणून फार कुतूहलाचं वाटतं. नोटेवर बहुधा 'गुटशाइन' असा शब्द असे, म्हणजे येणे-चिठ्ठी. कायद्याने पैसा काढण्याचा अधिकार गावाला नव्हता, त्यामुळे याला पैसा म्हणायचंच नाही. खाली नगराध्यक्षाची सही, गावाचं चिन्ह, आणि एक महत्त्वाची ओळ असायची. जाहीर सूचना निघाल्यावर अमुक मुदतीत, बऱ्याचदा एका महिन्यात, ही चिठ्ठी नगरपालिकेच्या कचेरीत आणावी, नंतर ती रद्द समजावी. त्या पन्नास फेनिगमागे रोज डोळ्यांसमोर दिसणारी नगरपालिका होती. तिच्या कचेरीत पाणीपट्टी भरायला जायचं, तिथेच ही चिठ्ठीही चालायची. नगराध्यक्ष रस्त्यात भेटायचा. त्याने फसवलं असतं तर संध्याकाळी त्याच्या दारात माणसं उभी राहिली असती. दूरच्या बर्लिनमधल्या बँकेच्या नोटेला हा जवळपणा नव्हता.

अर्थात, जवळपणाची दुसरी बाजू अशी की शेजारच्या गावात ती नोट दुकानदार हातात घेऊन उलटसुलट पाहणार. खाणमालकाची चिठ्ठी असेल तर ती खाणीच्या दुकानातच चालवून घ्यावी लागणार, भाव त्याचाच, वजनही त्याचंच. युद्धकैद्यांच्या छावण्यांत तर मुद्दाम वेगळा कागदी पैसा असे. कैदी पळालाच तर त्या पैशावर त्याला बाहेर रेल्वेचं तिकीट मिळू नये म्हणून. हद्दीतच चालणारा पैसा सोय करतो तसा माणसाला बांधूनही ठेवतो.

टपालाची तिकिटंही नाण्यांऐवजी चालली. तिकीट खिशात ठेवलं की घामाने चिकटतं, हा अनुभव अमेरिकेत १८६२ साली तिथल्या यादवी युद्धात लोकांनी घेतला होता. तेव्हा जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने तिकिटं अभ्रकाच्या खिडकीच्या पितळी डबीत बसवली आणि डबीच्या पाठीवर जाहिरात छापायला जागा विकली. जर्मनीत १९२० च्या सुमारास तशाच तिकिटाच्या चकत्या निघाल्या, पाठीवर जाहिरातींसकट. व्यापारी माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच धावते.

युद्ध संपलं तरी सुट्यांची टंचाई संपली नाही, आणि इथून गोष्टीला वेगळं वळण लागलं. नोटा सुबक होऊ लागल्या. लोक त्या जमवू लागले. आणि नगरपालिकांच्या लक्षात एक गोष्ट आली. समजा, गावाने पन्नास फेनिगच्या एक लाख नोटा वाटल्या. त्या चलनात आहेत तोवर ते गावाला मिळालेलं पन्नास हजार मार्कांचं बिनव्याजी कर्ज. मुदत संपल्यावर त्यातल्या ऐंशी हजारच परत आल्या, तर उरलेल्या वीस हजार नोटांचे दहा हजार मार्क गावाच्या पदरात पडले. काही फाटल्या असतील, काही हरवल्या असतील, आणि काही कुणाच्या तरी अल्बममध्ये चिकटून बसल्या असतील. मग अल्बमसाठीच का छापू नयेत?

१९२० ते १९२२ या काळात अक्षरशः तेच झालं. नोटांच्या रंगीत मालिका निघाल्या. एका नोटेत गोष्ट पुरी होत नाही, म्हणून सहा किंवा आठ नोटांचा संच घ्यायचा. हामेल्न गावाने आपल्या पुंगीवाल्याची आणि उंदरांची गोष्ट छापली. ब्रेमेनने गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा या आपल्या चार वादकांना नोटेवर आणलं. एर्फुर्टने मार्टिन ल्यूथरचं चरित्र चितारलं. नाउमबुर्गच्या नोटांवर वाल्टर हेगेने काढलेली काळी छायाकृती-चित्रं इतकी देखणी आहेत की ती पाहताना आपण पैसा पाहतो आहोत हे विसरायला होतं. बीलेफेल्ड हे कापडाचं गाव. तिथल्या बचत बँकेचे संचालक पाउल हांके यांनी नोटा रेशमावर, तागाच्या कापडावर आणि मखमलीवर छापून घेतल्या आणि त्या दूरदूरच्या संग्राहकांना विकल्या. कातडी कमावण्याच्या धंद्याच्या ओस्टरवीक गावाने चामड्याचे तुकडे काढले. सॅक्सनीत तर माइसेनच्या कारखान्याने चिनी मातीची नाणी भाजली.

यात एक बारकाई आहे. या मालिकांत ७५ फेनिगच्या नोटा भरपूर सापडतात. आता विचार करा, ७५ फेनिगचं नाणं जर्मनीत कधीच नव्हतं. मग नाही त्या नाण्याची टंचाई कशी भरून काढणार? ७५ चा उपयोग एकच, संच जरा महाग विकता येतो. कित्येक नोटांवर तर मुदतीची जी तारीख आहे ती नोट विकायला निघाली तेव्हाच उलटून गेलेली होती. ज्या खेड्याची वस्ती काहीशे माणसांची, त्याच्या नावाच्या नोटा दूरच्या शहरातला व्यापारी छापून विकत होता. म्हणजे चिठ्ठी म्हणून जन्मलेली वस्तू आता दुकानदाराची गोळी झाली होती. दिली की संपलं, परत घेण्याचा प्रश्न नाही.

मी हे टीकेच्या सुरात सांगतो आहे असं वाटेल, पण या टप्प्यावर माझा फारसा आक्षेप नाही. घेणाऱ्याला ठाऊक होतं की आपण चित्र विकत घेतो आहोत. त्याला चित्र मिळालं, गावाला शाळेच्या किंवा रस्त्याच्या दुरुस्तीला चार पैसे मिळाले. माझा आक्षेप आहे तो काही चित्रांना. हरलेल्या युद्धाचा सल, गमावलेल्या वसाहती, सरहद्दीवरच्या श्लेस्विगमध्ये १९२० साली झालेल्या सार्वमताची भांडणं हे सगळं या एवढ्याशा कागदांवर उतरलं. ते समजू शकतं. पण काही गावांनी ज्यूंची विटंबना करणारी चित्रंही मोठ्या हौसेने छापली. पाव घेताना देण्याच्या कागदावर शेजाऱ्याचा द्वेष! पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या देशात जे झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे त्या नोटा नुसती गंमत म्हणून मला पाहता येत नाहीत. एकदा एका प्रदर्शनात तशी एक नोट स्वस्तात मिळत होती, मी ती घेतली नाही. संग्राहक मित्र म्हणाला, 'इतिहास आहे, घ्यायला हवी होती.' त्याचंही बरोबर असेल.

१७ जुलै १९२२ च्या कायद्याने जर्मन सरकारने असल्या नोटा काढायला बंदी केली. पण तोवर वेळ निघून गेली होती. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत, त्या जुलैत जवळजवळ पाचशे पडू लागले होते. पन्नास फेनिगचा कागद म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. ज्या खुर्द्याच्या टंचाईसाठी हा सगळा उद्योग सुरू झाला, त्या खुर्द्याची कुणाला गरजच उरली नव्हती. पन्नास फेनिगला मिळणारी वस्तूच बाजारात शिल्लक नव्हती.

आणि मग बंदी घातलेली नोटगेल्ड वर्ष उलटायच्या आत परत आली, या वेळी मोठ्या आकड्यांची. १९२३ साली भाव इतक्या वेगाने चढू लागले की मध्यवर्ती बँकेचे छापखाने मागे पडले. बँकेने १३३ खासगी छापखान्यांची १,७८३ यंत्रं कामाला लावली, तीसहून अधिक गिरण्या निव्वळ नोटांचा कागद बनवत होत्या, तरी पगाराला नोटा अपुऱ्या. तेव्हा नगरपालिका, कारखाने, इतकंच काय रेल्वेनेही पुन्हा आपापला पैसा छापला. लाखांच्या, कोटींच्या, अब्जांच्या नोटा. पाठ कोरी, कारण पाठीवर छापायला सवड नाही. थुरिंगिया राज्याच्या बँकेसाठी दहा लाखांची नोट हर्बर्ट बायरने केली, तेव्हा तो बाउहाउस या कलाशाळेतला तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. ठळक अक्षरं, चित्र नाही, नक्षी नाही. त्या नोटेकडे पाहिलं तर ती आजही आधुनिक वाटते. त्या काळात ती दोन-तीन आठवडेसुद्धा मोलाची राहिली नाही.

इथे मात्र आक्षेप घ्यायला हवा. १९१७ साली चिठ्ठी उशिरा परत आली तरी पन्नास फेनिगचे पन्नास फेनिगच मिळत. १९२३ साली कारखानदाराने शुक्रवारी मजुराला स्वतःच्या नोटेत पगार दिला आणि त्या नोटा पंधरा दिवसांनी बँकेत चुकत्या केल्या, तर मधल्या पंधरा दिवसांत त्या पगाराचा चुरा झालेला असे. कागदावर आकडा तोच. म्हणजे मजुरीचा मोठा भाग मालकाने दिलाच नाही, आणि कायद्याने तो कुठे चुकलाही नाही. अल्बममधल्या नोटेने गावाला दोन पैसे मिळवून दिले ते संग्राहकाच्या राजीखुशीने. इथे मजुराला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्यापुढे पर्याय दोनच होते. तो कागद घ्या, किंवा काहीच घेऊ नका. पगार हातात पडताच माणसं दुकानाकडे धावत ती या कारणाने. जो पोचायला उशीर करील त्याच्या हातात उरेल ती रद्दी.

हे थांबवलं कसं, ते सांगून संपवतो. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी 'रेंटेनमार्क' हे नवं चलन आलं. जुने एक लाख कोटी मार्क म्हणजे एक नवा मार्क. पण नवं चलन आणून भागणार नव्हतं, कारण गावोगावचे आणि कारखान्यांचे कागद वाहतच होते. चलन आयुक्त म्हणून नुकतेच नेमलेले याल्मार शाख्त यांनी सांगितलं की २२ नोव्हेंबरपासून मध्यवर्ती बँक नोटगेल्ड स्वीकारणार नाही. आतापर्यंत बँक ते कागद मुकाट घेत होती आणि त्याबदल्यात आपल्या नोटा देत होती, म्हणून तर छापणाऱ्यांना घोर नव्हता. आता प्रत्येक कागद जिथून निघाला तिथेच परत जाणार होता.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, कोलोन शहरात सभा झाली. नगरपालिकांचे आणि उद्योगांचे प्रतिनिधी शाख्त यांच्यावर खवळले होते. आमचे मजूर उपाशी मरतील, दंगली होतील, आम्हाला मुदत द्या, असं त्यांचं म्हणणं. ऱ्हाइनकाठचा तो मुलूख परकीय फौजांच्या ताब्यात होता, तेव्हा ही भीती अगदीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. शाख्त बधले नाहीत. हे गृहस्थ पुढे हिटलरचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री झाले, त्यामुळे त्यांच्याविषयी चांगलं बोलताना जीभ अडखळते, पण त्या दिवशी त्यांनी धरलेला हेका बरोबर होता असं माझं मत आहे. नऊ वर्षं गावोगाव छापलेल्या कागदाचा हिशेब छापणाऱ्याच्याच दारात येऊन उभा राहिला.

हिवाळा सरता सरता जर्मनीच्या बाजारात नवी नाणी दिसू लागली. एक आणि दोन रेंटेनफेनिगची तांबूस, पाच आणि दहाची पिवळी. पाववाल्याच्या गल्ल्यात पुन्हा खुळखुळाट झाला आणि गिऱ्हाईक मोड मोजून घेऊ लागलं.